खोली सोडताना, कपाटाच्या दाराला आतून

कोचरेकर मॅडम,
तुम्ही वेंगुर्ल्याच्या, असं शाखेत कळलं.
मी देवगडची.
लातुरात सहा वर्षं काढली, म्हणून हे चिकटवून जातेय.
आतून, कारण बिडवेअप्पांनी वाचलं तर
लाजेन मीच.

आधी पाण्याचं.
शिवकांताबाई जिन्याखालून हाक देतील,
"मॅडम, पाणी यायलंय!"
मला वाटलं, यायचंय अजून.
चहा गाळला, बसून प्याले,
वेणीसुद्धा घातली.
इथं यायलंय म्हणजे आलंय,
आत्ता, नळाला, धो धो,
आणि तासाभरात जाणार.
एका क्रियापदापायी
आठ दिवस उसनं पाणी.

तेव्हा ऐकायला शिका.
जायलाव म्हणजे जाताय,
करायलाव म्हणजे करताय,
माळवं म्हणजे भाजी,
येरवाळी म्हणजे वेळेत, जरा आधीच,
आणि तुमचं वय कितीही असो,
आजारी पडलात की तुम्ही लेकरू.

नारळ इथं देवाला असतो,
आमटीला नसतो.
मी आठवड्याला दोन घ्यायची,
तर दुकानदार हळूच म्हणाला,
"लई मोठा नवस दिसतोय, ताई."
मीही मान हलवली.
काय सांगणार, सोलकढीचा आहे म्हणून?
आता शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला.
जीभ हळूहळू ऐकते.
पोटाचं मात्र
पहिले पंधरा दिवस ताकावर भागवा.

सुक्या बांगड्यांचं सांगते.
भावानं पार्सल पाठवलं, मी गच्चीवर पसरले.
कपाळाला भस्म लावलेले अप्पा वर आले,
दारातच थांबले,
बराच वेळ आभाळाकडे बघितलं.
"मॅडम, तुमचं कोकणातलं ते लोणचं
पूर्वेच्या कठड्याला ठेवा.
वारं तिकडून भाईर जातंय."
त्यांना माहीत होतं.
त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं.
सहा वर्षं ते लोणचंच राहिलं.
तुम्हीही लोणचंच म्हणा.

गोलाईत सोळा रस्ते फुटतात,
चुकाल.
चुकलात तर खाजाभाईंची रिक्षा शोधा,
मागच्या पडद्यावर मोर आहे, एका डोळ्याचा.
भाडं विचारलंत की रागावतात,
नाही विचारलंत की जास्त घेतात.
यावर मला उपाय सापडला नाही.

चहा नको म्हणायचं असेल तर
म्हणू नका.
"घ्या की" मधला तो की
दाराच्या कडीसारखा आहे,
एकदा पडला की
अर्धा कप घेतल्याशिवाय उघडत नाही.

आणि येळवस.
डिसेंबरात एक दिवस अख्खं शहर शेतात जातं.
पहिल्या वर्षी कुणी सांगितलंच नाही.
मी डबा आणायला निघाले,
रस्त्यावर एक गाय आणि मी.
खानावळ बंद, मेडिकल बंद,
मला वाटलं, दंगल.
दुसऱ्या वर्षी तिघांनी बोलावलं,
तिन्हीकडे जेवले,
भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील,
कडब्याच्या खोपीत तशीच आडवी झाले.
कुणीतरी बोलवेलच. आढेवेढे नकोत.
ओळख नसली तरी जा.

दिवाळीत घरी गेले होते.
तांदूळ धुतलेलं पाणी
मी बादलीत राखून ठेवलं, भांड्यांसाठी.
आई म्हणाली, "अगो, बाव भरलेली आसा."
म्हटलं, "असू दे की."
ती विळीवरून उठलीच.
"ह्यां खंयचां बोलणां तुजां?"

मला उत्तर सुचलं नाही.
इथं सहा वर्षं सगळे विचारतात,
"मॅडम, तुम्ही कुठल्या?"
ते निदान पटकन सांगता यायचं.

असो. गाडी साडेदहाची आहे.
मोठ्या ड्रमची तोटी उलटी फिरते,
डावीकडे बंद.
दुसऱ्याचं झाकण फुटलंय, त्यावर पाट ठेवलाय.
पाट माझाच, फणसाचा,
न्यायला जड होतो म्हणून ठेवला,
असं अप्पांना सांगितलंय.
मंगळवारी पाणी यायलंय.
बघा, मीच चुकले.
मंगळवारी
येईल.